जामीन राहावे की राहू नये?



पैशाच्या बाबतीत ख्रिस्ती माणसाने कसे वागावे याविषयी आपण काही ना काही ऐकलेले असते. दान किती द्यावे, बचत किती करावी, कर्ज काढून लग्न करावे की नाही, यांवर घरात निदान बोलणे तरी होते. पण एक प्रश्न असा आहे की तो अचानक समोर उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा उभ्या उभ्या द्यावे लागते. रविवारची मिस्सा संपलेली असते. ओळखीचे कोणीतरी आपल्याला बाजूला घेते आणि म्हणते, "दादा, पतसंस्थेचे कर्ज मंजूर होत आले आहे. फक्त एक जामीनदार कमी पडतो आहे. तुमची सही आणि पगाराची स्लिप मिळाली तर काम होईल. नुसती सही आहे, पैसे काही तुम्हाला द्यायचे नाहीत."

कर्वेनगर, वारजे, शिवणे, उत्तमनगर या भागांत राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना ही विनंती नवी नाही. आपल्यापैकी कित्येकांचे मूळ गाव दुसऱ्या जिल्ह्यात आहे. इथे शेती नाही, वाडवडिलांचे घर नाही, पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारा दुकानदार नाही. मुलाची कॉलेजची फी, रिक्षा, घराचे डिपॉझिट, बहिणीचे लग्न, दवाखाना, या गरजा मात्र थांबत नाहीत. तारण ठेवायला काही नसले की माणूस माणसालाच तारण ठेवतो. मग आठवतो तो आपल्याच चर्चमधला नोकरीवाला.

अशा वेळी आपल्या मनात दोन आवाज उठतात. एक म्हणतो, शेजाऱ्यावर प्रेम कर असे रोज ऐकतोस आणि साधी सही देत नाहीस? दुसरा म्हणतो, तुझ्या मुलांचे काय? या दोन आवाजांपैकी प्रभूचा आवाज कोणता, याचा विचार आपण आज शांतपणे करू या. कारण विनंती समोर आल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. तेव्हा उत्तर देते ती भीड, आणि भीड ही भिकेची बहीण असे आपले वाडवडील उगीच म्हणत नव्हते.

सही म्हणजे नेमके काय?

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १२८ वे कलम असे सांगते की करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. आधी कर्जदाराचे सर्व काही जप्त करावे आणि काहीच मिळाले नाही तर मग जामीनदाराकडे यावे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. 'बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच स्पष्ट केले की कर्जदाराविरुद्धचे सारे उपाय संपेपर्यंत बँकेने थांबले पाहिजे असे बंधन तिच्यावर नाही. ती सरळ जामीनदाराकडे येऊ शकते. वसूल करणाऱ्याच्या दृष्टीने ते सोयीचेही असते. कर्जदाराचा पत्ता बदललेला असतो, जामीनदाराची नोकरी मात्र जागेवर असते.

सहकारी पतसंस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ प्रमाणे थकबाकीसाठी वसुली दाखला मिळवता येतो आणि त्यावरून जप्तीची कारवाई होऊ शकते. त्या दाखल्यावर जामीनदाराचेही नाव असू शकते. शिवाय आजकाल आपण ज्या कर्जाला जामीन राहतो त्याची नोंद आपल्या स्वतःच्या पतअहवालात, म्हणजे लोक ज्याला 'सिबिल' म्हणतात त्यात, होते. पुढे आपल्याला घरासाठी कर्ज हवे असेल तेव्हा दुसऱ्याचे चुकलेले हप्ते आपल्या वाटेत उभे राहतात. जामीनदाराचे निधन झाले म्हणजे सारे मिटले असेही समजू नये. त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसुली मागितली जाऊ शकते.

तेव्हा 'नुसती सही आहे' हे वाक्य खरे नाही. सही म्हणजे, याने दिले नाही तर मी देईन, असा शब्द आहे. आणि शब्दाच्या बाबतीत प्रभू येशूची शिकवण सरळ आहे: आपले होय हे होय असावे आणि नाही हे नाही असावे. जो शब्द पाळण्याची आपली ऐपत नाही, किंवा पाळावा लागेल असे आपण मनोमन धरलेलेच नाही, तो शब्द कागदावर लिहून देणे हे चांगुलपणाचे काम दिसले तरी त्यात खोटेपणा असतो.

पवित्र शास्त्र काय म्हणते?

पवित्र शास्त्रात या विषयावर इतके काही आहे हे पाहून नवल वाटते. नीतिसूत्रांच्या पुस्तकात जामीन राहण्याविरुद्ध वारंवार इशारा दिलेला आहे. सहाव्या अध्यायात तर असे सांगितले आहे की तू शेजाऱ्यासाठी शब्द देऊन अडकला असशील तर झोपू नकोस, आत्ताच जा, हात जोड, आणि फासेपारध्याच्या हातून पक्षी सुटतो तसा स्वतःला सोडवून घे. बाविसावा अध्याय विचारतो की फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचे अंथरूण लोकांनी का ओढून न्यावे?

एवढेच वाचले तर उत्तर सोपे आहे: कधीही सही करू नये. पण आपल्या कॅथॉलिक बायबलमध्ये आणखी एक ग्रंथ आहे. तो म्हणजे बेनसिराचा, म्हणजेच सिराकचा ग्रंथ. ख्रिस्तापूर्वी सुमारे दोनशे वर्षांच्या आसपास यरुशलेममधील एका शहाण्या गुरूने तो लिहिला. आपल्या प्रोटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये तो सहसा नसतो. त्याच्या एकोणतिसाव्या अध्यायात या प्रश्नाची दुसरी बाजू येते. तिथे म्हटले आहे की चांगला माणूस शेजाऱ्यासाठी जामीन राहतो आणि ज्याने लाज सोडली तोच शेजाऱ्याला वाऱ्यावर सोडतो. लगेच पुढे हेही सांगितले आहे की जामिनकीने कित्येक सुखवस्तू माणसांना धुळीस मिळवले, समुद्राच्या लाटेसारखे हेलकावे दिले आणि घरदार सोडायला लावले. शेवटी सल्ला असा: शेजाऱ्याला आपल्या ऐपतीप्रमाणे मदत कर, पण स्वतः पडणार नाहीस याची काळजी घे. याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात मोजमापही दिलेले आहे. ऐपतीबाहेर जामीन राहू नकोस, आणि राहिलास तर ते पैसे आपल्यालाच भरायचे आहेत असे धरून चाल.

आम्हांला वाटते की आपल्या प्रश्नाचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. जामीन राहणे पापही नाही आणि प्रत्येक वेळी कर्तव्यही नाही. जेवढी रक्कम आपण स्वतः भरू शकू, भरल्यावर आपल्या घरची चूल पेटती राहील, आणि ज्याच्यासाठी भरली त्याच्याशी पुढच्या रविवारी शांतीचे अभिवादन करताना आपला हात आखडणार नाही, तेवढ्याच रकमेसाठी सही करावी. त्यापलीकडची सही ही मदत नव्हे. ती आपल्या मुलांच्या ताटातले दुसऱ्याच्या नावे लिहून देणे आहे, आणि तसे लिहून देण्याचा हक्क आपल्याला एकट्याला नाही. म्हणूनच पती किंवा पत्नीला न सांगता केलेली सही, ती कितीही चांगल्या हेतूने केलेली असो, योग्य नाही. विवाह संस्कारात दोघे एक झाले आहेत. एकाचा शब्द दोघांना भरावा लागतो.

मनापासून जामीन राहिलेली माणसे

हे मोजमाप हिशेबी वाटेल. पण पवित्र शास्त्रात जे कोणी मनापासून जामीन राहिले त्यांनी नेमके असेच केले आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदा आपल्या बापाला, याकोबाला, धाकट्या बन्यामिनाबद्दल हमी देतो. मिसरात बन्यामीन अडकतो तेव्हा यहूदा सबबी सांगत बसत नाही. मुलाच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवून घ्या, असे तो म्हणतो. संत पौल फिलेमोनाला पत्र लिहितो तेव्हा पळून गेलेल्या अनेसिमाचे जे काही देणे असेल ते माझ्या खात्यावर मांड, असे सांगतो आणि ते मी फेडीन हे स्वतःच्या हाताने लिहितो.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्याच्या शेवटी एक आर्थिक व्यवहार आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत आणतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो आणि सांगतो की याहून अधिक खर्च झाला तर परत येताना मी देईन. तो त्या जखमी माणसासाठी जामीन राहिला! मात्र त्याने आधी आपल्या खिशातून दिले, मग शब्द दिला, आणि शब्द देताना परत येण्याचेही ठरवले. नंतर कोणीतरी भरेल असे त्याने धरले नाही. त्याच्या प्रेमात आणि त्याच्या हिशेबात विरोध नव्हता.

मग गरिबाने कोणाकडे जावे?

इथे कोणीही प्रामाणिक वाचक विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे: प्रत्येकाने आपापल्या ऐपतीपुरतीच सही करायची तर ज्याला जास्त गरज आहे त्याचे काय? आपल्यात श्रीमंत थोडे. पाच लाखांचे कर्ज हवे असणाऱ्याला पंधरा हजारांची ऐपत असणारा शेजारी काय उपयोगाचा? आपल्या या नियमामुळे गरीब माणूस पुन्हा खाजगी सावकाराच्या दारात जाणार नाही काय?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यातील सुपे गावात १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे व वह्या जाळल्या. पत नसलेल्या माणसाची काय अवस्था होते हे त्या आगीने दाखवले. त्याच सुमारास जर्मनीत रायफायझन नावाच्या एका श्रद्धावंत ख्रिस्ती महापौराने वेगळा मार्ग शोधला होता. १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे त्याने गावकऱ्यांची पतसंस्था काढली. तिच्यात सर्व सभासद मिळून सर्व कर्जांना जबाबदार असत. म्हणजे एकासाठी एक जामीन न राहता सर्वांसाठी सर्व जामीन. पण त्यासाठी त्याने एक अट घातली होती. संस्थेचे क्षेत्र लहान असावे, एका गावाएवढे किंवा एका धर्मग्रामाएवढे, म्हणजे कर्ज कशासाठी घेतले आणि पैसा कुठे गेला हे सर्वांना दिसेल.

भारतात १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो याच नमुन्यावर. पुढे १९०९ मध्ये येशूसंघीय धर्मगुरू जॉन हॉफमन यांनी रांचीच्या भागात आदिवासी बांधवांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी छोटानागपूर कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभी केली. आपल्या महाराष्ट्रात वसईच्या कॅथॉलिकांनी १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने जी पतसंस्था स्थापन केली, ती आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून ओळखली जाते. या साऱ्यांनी एकच गोष्ट केली. एका घराला न पेलणारे ओझे त्यांनी पुष्कळ घरांत वाटून घेतले.

आपल्याकडील महिलांचे बचत गट हे याचेच लहान रूप आहे. दरमहा थोडी बचत, आपसांत लहान कर्ज, आणि नोंदवही सर्वांसमोर उघडी. मात्र फायनान्स कंपन्यांच्या गटकर्जात सावध राहायला हवे. तिथेही एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या भगिनींवर भरण्याचा दबाव येतो, आणि त्या एकमेकींच्या जामीनदार आहेत हे कित्येकींना सही करताना नीट सांगितलेलेही नसते. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला अशी सूक्ष्म कर्जे देताना, कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. आपल्या भगिनींनी हा नियम लक्षात ठेवावा. चौथे कर्ज देणारा माणूस दारात आला म्हणजे तो आपला हितचिंतकच असतो असे नाही.

सही ही साक्षही आहे

आणखी एक बाजू आपण सहसा विचारात घेत नाही. पतसंस्थेत जे पैसे कर्जाऊ दिले जातात ते कोणाचे असतात? ते ठेवीदारांचे असतात. कोणा निवृत्त शिक्षिकेचे, कोणा विधवा मातेचे, मुलीच्या लग्नासाठी दरमहा साठवणाऱ्या कोणा बापाचे. जामीनदार म्हणून सही करताना आपण त्या अनोळखी माणसांना जणू सांगत असतो की हा मनुष्य फेडील, आम्ही त्याला ओळखतो. तो फेडू शकणार नाही हे ठाऊक असताना केवळ भिडेपोटी सही केली तर आठव्या आज्ञेचा, खोटी साक्ष न देण्याच्या आज्ञेचा, प्रश्न उभा राहतो.

पुणेकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९१२ साली याच शहरात सुरू झालेल्या रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना संपला. मधली नऊ वर्षे ठेवीदारांनी कशी काढली असतील याची कल्पना करावी. बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, सहकारी बँकांनाही ते आहे. पतसंस्थांतील ठेवींना मात्र ठेव विमा महामंडळाचे हे संरक्षण नाही. म्हणून पतसंस्थेच्या कागदावरची प्रत्येक बेजबाबदार सही शेवटी कोणातरी गरिबाच्या ठेवीवर पडते.

आपला परिसर ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० मध्ये तो हिंगण्यास आणला. ती संस्था लोकांच्या लहान लहान देणग्यांवर वाढली. लोकांनी पैसे दिले कारण या माणसाचा शब्द आणि हिशेब दोन्ही खरे आहेत असा त्यांना भरवसा होता. मराठीत 'पत' या शब्दात अब्रू आणि उधारी मिळण्याची लायकी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ख्रिस्ती माणसाची पत अशी असावी की त्याच्या सहीला काही वजन असेल, आणि वजन राहायचे तर ती सही स्वस्त असता कामा नये.

'नाही' म्हणाल्यावर काय?

'नाही' म्हटले की आपली जबाबदारी संपली असे मात्र नाही. याजक आणि लेवी यांनीही मनातल्या मनात काहीतरी कारण काढलेच असेल! आपण सही देऊ शकत नसलो तर दुसरे काय देऊ शकतो, हा प्रश्न उरतोच. पुष्कळदा सहीपेक्षा एक शनिवारची सकाळ अधिक उपयोगी पडते.

दवाखान्यासाठी कर्ज काढले जात असेल तर आधी ते रुग्णालय धर्मादाय न्यासाचे आहे का ते विचारावे. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड घेऊन कोणीतरी सोबत गेले पाहिजे, कारण घाबरलेल्या नातेवाइकांना हे सुचत नाही. मुलाच्या शिक्षणासाठी असेल तर ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. लहान धंद्यासाठी असेल तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. बँकेत एकट्याला 'उद्या या' असे उत्तर मिळते; शिकलेला कोणी बरोबर असला की तोच अर्ज पुढे सरकतो.

आणि लग्नाच्या जेवणावळीसाठी किंवा प्रथम ख्रिस्तशरीराच्या थाटासाठी कर्ज काढले जात असेल, तर खर्च कमी करा असे प्रेमाने सांगणे हीच खरी मदत आहे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दाखला प्रभूने दिला आहे. पण हा उपदेश करण्याचा हक्क त्यालाच आहे ज्याने स्वतःच्या घरचे लग्न साधेपणाने केले असेल, आणि शेजाऱ्याच्या साध्या लग्नाला नावे ठेवली नसतील.

जमेल तेव्हा थोडी रक्कम देऊन टाकावी. उसनी म्हणून न देता दिलीच असे मनात धरावे. पन्नास हजारांच्या कर्जाला सही करून वर्षभर धास्तीत झोपण्यापेक्षा पाच हजार हातावर ठेवून शांत झोपणे बरे. परत येण्याची आशा न धरता द्या असे प्रभू सांगतो ते देणाऱ्याच्याही भल्याचे आहे.

ज्याने सही मागितली त्याच्यासाठी

आतापर्यंत आपण जामीनदाराविषयी बोललो. पण आपल्यापैकी कित्येकजण कधी ना कधी सही मागणाऱ्याच्या जागीही असतात. बेनसिरा त्यांनाही सांगतो की जामीनदाराचे उपकार विसरू नको, कारण त्याने आपला जीव तुझ्यासाठी पुढे केला. सही मागताना आपली बाकीची कर्जे लपवू नयेत. आपल्या घरात नक्की किती येते आणि किती जाते हे सांगावे. हप्ता चुकणार असे दिसताच पतसंस्थेची नोटीस जामीनदाराच्या दारात जाण्याआधी आपण त्याच्या दारात जावे. फोन बंद करणे, चर्च बदलणे, दुसऱ्या मिस्सेला जाणे, हे मार्ग आपल्याला देवापासून लपवू शकत नाहीत. फक्त एका भावाला एकटे पाडतात. थोडे थोडे का होईना, जामीनदाराचे पैसे परत करणे हे न्यायाचे ऋण आहे. पापनिवेदनात क्षमा मिळाली म्हणून ते माफ होत नाही.

आणि ज्याला दुसऱ्याचे हप्ते भरावे लागले त्याने काय करावे? कायदा त्याला कर्जदाराकडून ते पैसे मागण्याचा हक्क देतो, आणि मागणे हे पाप नाही. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम सांगितला आहे: आधी एकट्याने जाऊन बोला, मग एकदोघांना बरोबर घ्या, मग ख्रिस्तसभेपुढे न्या. त्याच अध्यायात पुढे शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरणाऱ्या चाकराचा दाखला आहे. हे दोन्ही एकाच अध्यायात आहेत हे विसरू नये. मागावे, पण गळा धरू नये. आणि जो खरोखरच देऊ शकत नाही त्याला एके दिवशी मोकळे करावे, म्हणजे आपणही मोकळे होऊ.

सही करण्याआधी

पुढच्या वेळी विनंती आली की लगेच होय किंवा नाही म्हणू नका. "दोन दिवस द्या, घरी बोलून सांगतो" असे म्हणा. यात अपमान नाही. मग घरी प्रार्थना करून स्वतःला विचारा:

१. कर्ज किती, व्याज किती, मुदत किती? कागद पूर्ण वाचला का? कोऱ्या जागा सोडलेल्या कागदावर सही मागत नाहीत ना?

२. पूर्ण रक्कम मला भरावी लागली तर कोठून भरीन? माझ्या मुलांची फी आणि आईवडिलांचे औषध यांना हात न लावता भरता येईल का?

३. माझ्या पती किंवा पत्नीची संमती आहे का?

४. हा माणूस फेडील असे मला खरोखर वाटते का, की फक्त तोंडावर नाही म्हणवत नाही?

५. सही केली नाही तर त्याच्यासाठी मी दुसरे काय करणार आहे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय 'नाही' म्हणू नये, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय 'होय' म्हणू नये. सही केलीच तर कागदांची प्रत जवळ ठेवावी आणि दर दोनतीन महिन्यांनी हप्त्यांची चौकशी करावी. शोमरोनीही परत येऊन विचारपूस करणारच होता.

आपल्या लहान ख्रिस्ती समूहांच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा असे आम्ही सुचवतो. अडचणीत असलेल्या कुटुंबाने एकाच्या कानात कुजबुजण्याऐवजी चार विश्वासू माणसांपुढे आपली अडचण मांडली, तर एकावर येणारा भार चौघांत वाटला जाईल आणि सल्लाही शहाणपणाचा मिळेल.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात प्रभू येशूला नव्या व अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. आपण फेडू शकत नव्हतो ते त्याने आपल्यासाठी भरले. त्याने ते भिडेपोटी केले नाही, आणि किती भरावे लागेल हे ठाऊक असूनच त्याने शब्द दिला. आपल्या हातून होणाऱ्या लहान सह्यांनाही त्याचेच वळण लागावे, अशी प्रार्थना करू या.

हे प्रभो येशू, तू आमचा जामीन झालास. आमच्या होय आणि नाही या दोन्ही शब्दांत प्रेम असू दे. जिथे सही देणे आमच्या हाती आहे तिथे भीती काढून टाक, जिथे नाही तिथे भीड काढून टाक. आमच्यापैकी जे कर्जाखाली दबले आहेत त्यांना धीर दे, आणि त्यांचे ओझे वाटून घेण्याची बुद्धी आम्हां सर्वांना दे. आमेन.